नारळ फोडण्याआधी

सप्टेंबर उतरणीला लागला की मराठवाड्यात सोयाबीन पिवळे पडू लागते, परतीचा पाऊस एक-दोन तडाखे देऊन जातो आणि चार महिने थांबलेली रस्त्यांची कामे पुन्हा हलू लागतात. दसरा झाला की खडीचे हायवा धावतील, मंडप पडतील, कुदळ मारली जाईल, नारळ फुटतील. त्याआधीच्या या पंधरवड्यात तीन तारखा पाठोपाठ येतात. १५ सप्टेंबरला अभियंता दिन, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपाचा स्मृतिदिन. पहिला बांधकाम खात्याच्या कार्यालयात साजरा होतो, दुसरा झेंड्याखाली, तिसरा किल्लारीच्या स्मारकापाशी. तिन्ही दिवस आपण वेगवेगळे पाळतो. पण नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून जे रस्ते जाऊ घातले आहेत ते डोळ्यांसमोर आणले, तर या तारखा एकत्र वाचाव्या लागतात. बांधकाम कुदळ मारण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते, आणि नेमका तो आधीचा काळ आपण वाया घालवतो.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे गेली. आपला हा मुलूख तेव्हा त्याच निजामी राज्यात होता. पुढच्या वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. मुंबई इलाख्यात दोन तपे नोकरी करून, पुण्याजवळ खडकवासल्याला स्वतः कल्पिलेली स्वयंचलित दारे बसवून ते नुकतेच सेवेतून बाहेर पडले होते. नदीकाठी उंच भिंत बांधा, एवढे सांगून त्यांना मोकळे होता आले असते. त्यांनी आधी शहराच्या वरच्या अंगाचे पाणलोट क्षेत्र तपासले, पावसाच्या नोंदी गोळा केल्या, वरचे दोनशेहून अधिक तलाव फुटून पाणी कसे खाली आले याचा माग काढला. उस्मानसागर आणि हिमायतसागर या जलाशयांची शिफारस त्यानंतरची. अभियंता दिनी त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हा क्रम ध्यानात ठेवावा. धोका कुठून येतो आणि तो कोणाच्या दारात जातो हे त्यांनी आधी पाहिले, आराखडा मागाहून काढला.

आपल्या रस्त्यांचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर करत पुढे वारंगा आणि यवतमाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ ही या दोन जिल्ह्यांची आज जीवनवाहिनी आहे. नागपूर-रत्नागिरी रस्त्याचा हा भाग. शिकायला लातूरला येणारी नांदेडची मुले, नांदेडच्या दवाखान्यात निघालेला लोह्याचा रुग्ण, लातूरच्या आडतीवर जाणारे सोयाबीन, हे सगळे याच रस्त्याने जाते. रस्ता हवा होता आणि हवा आहे, याविषयी गावागावांत दुमत नाही. दुमत आहे ते रस्ता कसा येतो याबद्दल. आखणी दूरच्या शहरात संगणकावर होते, अंदाजपत्रक ठरते, निविदा निघते, गुत्तेदार ठरतो, आणि मग मोजणीचे पथक शिवारात उतरते. पाणी कुठून येते, जमीन कुठे खचते, गुरे कुठून जातात, भावाभावांत कोणत्या गटाचा वाद आहे, हे सारे ज्याला पाठ असते त्या शेतकऱ्याची गाठ अधिकाऱ्यांशी सर्वांत शेवटी पडते. तोवर दोन्ही बाजूंची मने आंबलेली असतात.

या लेखाचे म्हणणे साधे आहे. गावाचा सहभाग मिळवणे आणि जोखीम ओळखणे ही दोन खात्यांची दोन कामे नाहीत. ज्याच्याकडून सहकार्य हवे त्याच्यापाशीच जोखमीची माहिती आहे. त्याला लवकर विचारले तर दोन्ही मिळते, उशिरा विचारले तर दोन्ही हातचे जाते.

कायदा या कामी फारसा उपयोगी पडत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणला, पण राष्ट्रीय महामार्गांसाठीची जमीन १९५६ च्या वेगळ्या कायद्याखाली घेतली जाते आणि त्या अभ्यासाची अट तिथे लागू होत नाही. अधिसूचना निघते, तिचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापला जातो, आणि २१ दिवसांत हरकत घ्यायची असते. कोरडवाहू गावातला माणूस पेरणीत असतो, नाहीतर ऊसतोडीला बाहेर गेलेला असतो. त्याला अधिसूचनेची बातमी लागते ती बहुधा शेतात खांब रोवलेला दिसल्यावर. म्हणजे २१ दिवस सरून गेलेले असतात आणि त्याच्या हाती उरतो तो फक्त मावेजाचा वाद. जिल्हा प्रशासनाला यापेक्षा अधिक करायला कायद्याने कुठेही मनाई केलेली नाही. अधिसूचनेच्या आधी तीन महिने गावात जाऊन नकाशा उलगडायला कोणत्या कलमाची परवानगी लागते?

मावेजाच्या बाबतीत पळवाट काढली तर ती वर्षांनी परत अंगावर येते, याचा दाखला सर्वोच्च न्यायालयात सापडेल. महामार्गाच्या कायद्यातल्या एका कलमाने जमीनधारकांना दिलासा रक्कम आणि व्याज नाकारले होते. २०१९ मध्ये तरसेमसिंग यांच्या प्रकरणात न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले, आणि हा निकाल मागच्या प्रकरणांना लागू करू नये ही महामार्ग प्राधिकरणाची विनंती फेब्रुवारी २०२५ मध्ये फेटाळली. जे पैसे तेव्हाच द्यायला हवे होते, ते आता व्याजासह द्यावे लागणार. भूसंपादनात काटकसर झाली असे ज्यांना वाटले, त्यांनी प्रत्यक्षात पुढच्यांच्या डोक्यावर कर्ज ठेवले.

आता शिवारात उतरू. संयुक्त मोजणीच्या दिवशी भूमी अभिलेखचा भूकरमापक, तलाठी, कृषी आणि वन विभागाची माणसे, महामार्गाचा अभियंता आणि ज्याची जमीन जाते तो, एवढी मंडळी बांधावर जमतात. अर्धापूरच्या बाजूला केळीचा बाग असेल तर झाडे मोजली जातात, विहीर असेल तर तिची खोली आणि बांधकाम लिहिले जाते, आंबा असेल तर त्याचे वय विचारले जाते. डोळ्यांना दिसते ते कागदावर येते. जे दिसत नाही ते राहते. नदीकाठच्या किंवा तलावाखालच्या विहिरीवरून चार-चार शेतकऱ्यांनी मिळून आणलेली जलवाहिनी दोन-अडीच किलोमीटर जमिनीखालून येते. ज्या गटातून रस्ता जातो त्या गटात तिचा फक्त एक तुकडा असतो. त्या गटाच्या मालकाला मावेजा मिळतो, आणि पलीकडच्या तिघांचा बाग रस्त्याच्या पहिल्या खोदाईत वाळायला लागतो. त्यांची जमीन गेलेली नसते म्हणून त्यांना नोटीस नसते, नोटीस नसते म्हणून ते मोजणीला नसतात. रस्त्याखालून आडवा पाइप आधीच टाकून ठेवायचा खर्च भरावाच्या एका थराच्या तुलनेत किरकोळ आहे. डांबर पडल्यावर तोच पाइप टाकायचा म्हटला तर परवानगीलाच हंगाम जातो. मोजणीच्या पत्रकात ‘जमिनीखालचे’ असा एक रकाना वाढवला आणि मोजणीला आजूबाजूच्या गटांचे मालकही बोलावले, तर अशी निम्मी भांडणे जन्मालाच येणार नाहीत.

दुसरी न दिसणारी गोष्ट घरातली असते. सातबारावर आजोबांचे नाव, वारसाचा फेर झालेला नाही, तीन भाऊ वेगवेगळा गट कसतात पण वाटणी तोंडी आहे, बहिणीचे नाव आठवणीतच नाही. मावेजाचा आकडा जाहीर झाला की तोंडी वाटणी मोडते. रक्कम दिवाणी न्यायालयात जाऊन पडते, ताबा अडतो, पोलीस बंदोबस्त येतो. हे टाळण्यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही. आखणी पक्की झाल्याबरोबर त्या पट्ट्यातल्या गावांत वारसनोंदीची आणि पोटहिश्श्यांची शिबिरे लावावीत. तलाठी आणि मंडळ अधिकारी आठ दिवस गावात बसले तर जे काम होते, ते न्यायालयात आठ वर्षांत होत नाही. या शिबिरात घरातल्या बाईची सही आणि तिचे खाते विचारले गेले पाहिजे. मावेजा आला, गाडी आली, दोन वर्षांत पैसा संपला आणि जमीनही गेली, अशी घरे या पट्ट्यात कोणाला शोधावी लागत नाहीत.

जमिनीची जोखीम वेगळीच. मांजरा, तेरणा आणि गोदावरीच्या खोऱ्यातली काळी भारी माती कापसाला आणि तुरीला सोन्यासारखी, रस्त्याला मात्र वैरीण. मे महिन्यात या मातीच्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो, आणि जुलैत तीच माती फुगून भेग बुजवते. वर कितीही चांगले डांबर किंवा काँक्रीट घाला, खालची माती दरवर्षी उचलत आणि सोडत राहिली तर तडा जाणारच. ही माती ओळखायची चाचणी इतकी सोपी आहे की ती गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखवता येईल. दहा-दहा ग्रॅम वाळवून चाळलेली माती काचेच्या दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तासांनी बघायचे. रॉकेलमधली माती जागच्या जागी असते, पाण्यातली फुगून वर आलेली दिसते. हा फुगवटा पन्नास टक्क्यांच्या वर गेला तर ती माती रस्त्याच्या पायाच्या थरात घालायची नाही, असा महामार्ग मंत्रालयाचाच दंडक आहे. तिथे ती काढून मुरूम भरावा लागतो, किंवा चुना मिसळून तिचा स्वभाव बदलावा लागतो, आणि दोन्ही बाजूंना पाणी न साठणारी गटारे लागतात. ही चाचणी निविदेच्या आधी दाट अंतराने झाली तर खर्च खरा धरला जातो. ती विरळ झाली की गुत्तेदार अर्ध्या कामात वाढीव दर मागतो, नाहीतर फुगणारी मातीच दाबून वर डांबर ओढतो. दोन पावसाळ्यांत लाटा उठलेला रस्ता पाहून आपण अभियंत्याला शिव्या देतो; चूक मात्र पहिल्या खड्ड्याच्याही आधीची असते. कुठल्या गटात चोपण आहे, कुठे जुना ओढा बुजवलेला आहे, हे विचारायला प्रयोगशाळाही लागत नाही. त्या शिवारात नांगर धरलेला माणूस ते उभ्या उभ्या सांगतो.

आणि पाणी. रस्ता भरावावरून जातो तेव्हा तो बांध होतो. एका अंगाचे शेत चिबडते, दुसऱ्या अंगाचे कोरडे पडते. मोरीची जागा नकाशावरच्या निळ्या रेषेवरून ठरते. पावसाळ्यात पाणी मात्र जुन्या वगळीने येते, आणि ती वगळ नकाशात नसते. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना आणि गोदावरी यांच्या पुरांनी जे दाखवले, त्यानंतर जुन्या सरासरीवर मोऱ्यांची रुंदी काढणे हा निष्काळजीपणा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ आणि आसपासची गावे रातोरात पाण्याने वेढली, माणसे दगावली, लष्कराला बोलवावे लागले. लेंडी धरण प्रकल्पाच्या परिसरातली ही गावे. त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक वर्षे रेंगाळलेला होता. तो रस्त्याचा प्रश्न नव्हता, पण बांधकाम पुढे आणि माणसांची सोय मागे पडली की काय होते, हे नांदेड जिल्ह्याला आता कुणी शिकवायला नको. प्रत्येक मोरीच्या जागी गावातल्या दोन वयस्क माणसांना उभे करून विचारावे: सर्वांत मोठ्या पुरात पाणी कुठवर आले होते? त्यांनी दाखवलेल्या दगडावर रंगाची खूण करावी. आराखड्यात ती खूण आलीच पाहिजे.

पाण्याच्याच बाजूने सहकार्याचा एक चांगला रस्ता आहे. भरावाला लाखो घनमीटर माती-मुरूम लागतो. तो कुठल्या तरी टेकडीचे लचके तोडून आणण्याऐवजी तलाव आणि नाले खोल करून घ्यावा, म्हणजे रस्त्याला भराव आणि गावाला पाणी, हा प्रयोग बुलडाणा जिल्ह्यात झाला आणि ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून देशभर ओळखला गेला. लातूरला हे पटवून द्यायची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन आली, आणि त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी ‘जलयुक्त लातूर’च्या नावाने वर्गणी काढून मांजरेचे पात्र कित्येक किलोमीटर रुंद आणि खोल केले. व्यापारी, डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, सर्वांनी पैसा घातला. तहान लागल्यावर एकत्र येणारे हे शहर आणि ही गावे रस्त्याच्या बाबतीत एकत्र येणार नाहीत, असे समजायचे कारण नाही. फक्त कोणत्या तलावातून किती माती काढायची हे कार्यारंभाच्या आधी ग्रामसभेत ठरले पाहिजे. नंतर गुत्तेदार त्याला जवळची आणि स्वस्त पडेल ती जागा खणतो, आणि पावसाळ्यात त्या उघड्या खाणीत पोरे बुडतात.

इथे किल्लारीकडे वळले पाहिजे, कारण बांधकामाआधी गावाशी कसे बोलावे याचा एवढा मोठा धडा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले. माळवदाच्या जड छपरांखाली आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. पुढच्या वर्षी जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी हलवायची होती. त्याखेरीज दोन लाखांच्या घरात पडझड झालेली घरे जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. या दुसऱ्या कामात शासनाने एक वेगळा निर्णय घेतला. दुरुस्तीचे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती, सामान त्याने आणायचे, गवंडी त्याने ठरवायचा, अभियंत्याने सल्ला द्यायचा आणि तपासायचे. गाव आणि अभियंता यांच्यामध्ये बोलणारे माणूस म्हणून गावातल्याच बाया ‘संवाद सहाय्यक’ नेमल्या गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था या कामात होती.

या संवाद सहाय्यकांनी काय केले ते बारकाईने बघण्यासारखे आहे. आडवा पट्टा म्हणजे काय, तो भिंतीत का घालायचा, कोपऱ्यात सळई का हवी, सिमेंटवर पाणी किती दिवस मारायचे, हे त्यांनी आधी स्वतः समजून घेतले आणि मग चुलीपाशी बसून दुसऱ्या बायांना सांगितले. घरात दिवसभर राहणारी तीच. गवंडी पाणी मारतो की नाही हे तिला दिसते. हप्ता अडला तर का अडला हे विचारायला तीच पंचायतीत गेली. ज्या बाईला घर म्हणजे पुरुषांचा विषय असे शिकवले गेले होते, ती बांधकामाची देखरेख करू लागली. त्यातून पुढे बचत गट उभे राहिले आणि कच्छच्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर इथल्या बाया तिकडच्या बायांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

उलट, स्थलांतरित गावांत चित्र संमिश्र राहिले. भीतीने लोकांनीच जुनी जागा नको म्हटले होते, हे खरे. घरे भक्कम झाली. पण चौकोनी आखणी, रुंद रस्ते, घराघरांत अंतर, शेत लांब, गुरे बांधायला जागा नाही, अशा तक्रारी कित्येक वर्षे चालू राहिल्या. घराचे आकारमान २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट असे जमिनीच्या मालकीवरून ठरले. जिथे नियम वरून ठरला तिथे लोक रहिवासी झाले. जिथे निर्णयाचा एक तुकडा तरी त्यांच्या हाती आला, तिथे ते बांधकामाचे राखणदार झाले. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी रस्त्याच्या एकाही मोठ्या कामात आपण तो तुकडा गावाच्या हाती दिलेला दिसत नाही.

समृद्धी महामार्गासाठी जमीन घेताना रस्ते विकास महामंडळाने गावोगाव ‘संवादक’ नेमले होते. आधीची भूसंचयनाची कल्पना शेतकऱ्यांना रुचली नाही, मग थेट खरेदीची वाट धरली, आणि ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. संवादकांमुळे काम पुढे सरकले, हे श्रेय द्यायलाच हवे. पण त्या संवादकाचे काम जमीन मिळवून देणे हे होते. जमीन मिळाली की संवाद संपला. आपल्याला हवा आहे तो संवादक जमिनीच्या आधी येणारा आणि रस्ता सुरू झाल्यानंतरही पाच वर्षे त्याच गावात सापडणारा.

त्याला काय काय विचारता येईल, याचे एकच उदाहरण घ्या. लातूर-नांदेड मार्गावर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्षात तिथे खंडोबाची यात्रा भरते. बेलभंडारा उधळला जातो, लाल कंधारी वळू, घोडे, गाढवे विकायला येतात, पालांचे गावच उभे राहते. लाखोंची गर्दी आणि महामार्ग एकाच जागी. त्या दिवसांत जनावर घेऊन रस्ता ओलांडणारा माणूस कुठून ओलांडतो, ट्रक कुठे थांबतात, पाण्याचे टँकर कुठून वळतात, हे यात्रा समितीला आणि तिथल्या ग्रामपंचायतीला जेवढे कळते तेवढे कोणत्याही वाहतूक सर्वेक्षणाला कळणार नाही, कारण सर्वेक्षण साध्या आठवड्यात होते. मांजरा पट्ट्यात तेच उसाच्या ट्रॅक्टरचे. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर कारखान्याकडे वळायला तीन किलोमीटर पुढे जाऊन परत येत नाही. तो दुभाजकातली फट शोधतो, नाहीतर उलट्या बाजूने येतो. आपण त्याला बेशिस्त म्हणतो. गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या फाट्यावर एक दिवस उभे राहून आखणी केली असती, तर तिथे भुयारी वाट किंवा सेवा रस्ता आला असता. तुळजापूरला पायी जाणारे, पंढरीच्या दिंड्या, रस्त्याच्या पलीकडे शाळा असलेली वस्ती, हे सारे आधी कळणारे धोके आहेत. अपघात झाल्यावर तिथे गतिरोधक टाकायला आंदोलन करावे लागते, ही आपली पद्धत माणसे मारते.

एप्रिल २०२५ मध्ये नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात जणींचा जीव गेला. हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. त्या विहिरीचा महामार्गाशी काही संबंध नव्हता. पण महामार्ग झाला की जुन्या पाणंदी तुटतात आणि शेतावर जाणारी वाट कुठून तरी, विहिरीच्या काठाने, नाल्याच्या कडेने नवी पडते. ती कुणी आखलेली नसते. तुटणाऱ्या प्रत्येक पाणंदीला पर्याय कुठे, हे कागदावर आल्याशिवाय आखणी मंजूर होता कामा नये.

मजुरांविषयी दोन शब्द, कारण जोखीम म्हटली की गावाची आणि वाहनांची होते आणि बांधणारा राहून जातो. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेआधी शहापूरजवळ समृद्धीच्या पुलाचे काम चालू असताना अवजड यंत्र कोसळून वीस जण ठार झाले. ते बहुतेक दूरच्या राज्यांतून आलेले होते. आपल्या गावाशेजारी त्यांच्या झोपड्या पडतील, तेव्हा त्यांना पाणी कुठले, रात्रीच्या कामाला उजेड किती, जवळचा दवाखाना कोणता, हे कामाआधी ठरवणे ही गावाचीही जबाबदारी आहे.

आज हा विषय तातडीचा झाला आहे, कारण नांदेड आणि लातूरच्या शिवारावर नव्या रेषा ओढल्या जात आहेत. समृद्धीला जोडणारा जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग आहे. पवनार ते पत्रादेवी असा, मंजुरीच्या वेळी सुमारे ८०२ किलोमीटरचा, शक्तिपीठ महामार्ग आहे. बारा जिल्ह्यांतून आखलेल्या या रस्त्याला जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि भूसंपादनासाठी हजारो कोटींची तजवीज केली. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे त्याच्या वाटेत आहेत. कोल्हापुरात विरोध झाला तेव्हा सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. अर्धापूरच्या बागायती पट्ट्यातही मोजणीला विरोध झाला. इसापूरच्या कालव्यावर दोन पिढ्यांनी उभी केलेली केळी आणि हळद सोडायला कुणी सहज तयार होईल, अशी अपेक्षाच चुकीची आहे. नांदेड-लातूर दरम्यान चौपदरी रस्ता असताना आणखी एक का, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर भाषणात देऊन भागणार नाही. वाहतुकीचे आकडे, पर्यायी आखण्या, त्या का नाकारल्या याची कारणे, हे सारे मराठीत छापून गावात ठेवले पाहिजे. उत्तर पटण्यासारखे नसेल तर आखणी बदलण्याची तयारी हवी. मोजणी अडवणाऱ्याला विकासविरोधी ठरवणे सोपे असते. तो अडवतो त्या जागी बहुधा एखादी खरी जोखीम असते, आणि ती पैशाची असो, पाण्याची असो की पोराबाळांच्या भविष्याची, आधी ऐकून घ्यायची असते.

एवढे विचारत बसलो तर रस्ता होणार कधी, असे म्हणणारे अनेक आहेत. त्यांनी आजचे अर्धवट रस्ते डोळ्यांखालून घालावेत. काम सुरू करण्यापूर्वी किमान ८० टक्के, काही प्रकारच्या कंत्राटांत ९० टक्के जमीन हाती असावी, असा दंडक आहे. रस्ता अडतो तो उरलेल्या दहा-वीस टक्क्यांत. वीस किलोमीटर चकचकीत काँक्रीट, मग गावाच्या तोंडाशी अचानक दगड-मातीचा वळसा, ना दिवा, ना फलक. रात्री दुचाकीवर घरी निघालेला माणूस तिथे जातो. लवकर सुरू करून उशिरा संपवण्यापेक्षा उशिरा सुरू करून एका दमात संपवलेला रस्ता स्वस्त पडतो, आणि त्यात माणसे कमी मरतात.

गावानेही आपली बाजू स्वच्छ ठेवायला हवी. अधिसूचना निघाल्याची कुणकुण लागताच रातोरात झाडे लावणे, पत्र्याचे शेड उभे करणे, मावेजा वाढवून देतो म्हणणाऱ्या दलालाला टक्केवारी कबूल करणे, याने खऱ्या बागायतदाराचाही दावा संशयात येतो. आपल्या गावातले खोटे आपणच थांबवले, तर मोजणीच्या टेबलावर आपला शब्द जड होतो. ग्रामपंचायतीने आखणीच्या पट्ट्याची आजची छायाचित्रे आणि पीकनोंद स्वतः जपून ठेवावी. ती पुढे शेतकऱ्याच्याच बाजूने पुरावा ठरेल.

२ ऑक्टोबरला राज्यभर ग्रामसभा होतात. नांदेड आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आमची विनंती आहे की, ज्या ज्या गावांच्या शिवारातून रस्ता जाणार आहे, त्या प्रत्येक ग्रामसभेत यंदा आखणीचा नकाशा गटनंबरांसह भिंतीवर लावावा. महामार्गाचा अभियंता आणि तलाठी पूर्णवेळ हजर असावेत. पुराच्या खुणा, जमिनीखालच्या जलवाहिन्या, तुटणाऱ्या पाणंदी, यात्रेच्या आणि शाळेच्या वाटा गावाने सांगाव्यात आणि त्या इतिवृत्तात लिहून घेतल्या जाव्यात. गावातल्या दोन बायांना संवाद सहाय्यक म्हणून मानधनावर नेमावे. त्या इतिवृत्ताची प्रत निविदेच्या कागदांना जोडावी, म्हणजे गुत्तेदाराला दर भरतानाच काय काय करायचे आहे ते कळेल. आणि वाचकहो, तुमच्या गावाचे नाव त्या यादीत असेल तर त्या दिवशी शेताला सुट्टी द्या, सातबारा आणि आठ-अ घेऊन ग्रामसभेला जा, घरातल्या बायांनाही बरोबर न्या, आणि तुमचे म्हणणे लिहून घेतल्याशिवाय सभा उठू देऊ नका.